सामाईक वाडा आणि दुसरी सही

सप्रेम नमस्कार.

गीतेच्या अठराव्या अध्यायावरील माझ्या लेखाला आपण असा आक्षेप घेतला आहे की, ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर चढवल्याप्रमाणे फिरवत असेल तर चोराला चोर म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही, आणि तो अधिकार उरत असेल तर ईश्वराची सत्ता अपुरी ठरते. मी मात्र दोन्ही गोष्टी मान्य करून मोकळा झालो, असे आपले म्हणणे आहे. यातला अर्धा भाग मला विनातक्रार मान्य आहे. यंत्राचा हा दृष्टांत ज्यात आहे त्या 61व्या श्लोकापाशी मी थांबलो, ही चूक माझीच. दोनच श्लोकांनंतर श्रीकृष्ण ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’ (याचा पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर) असे म्हणतात, आणि ज्याच्यापाशी निवडच नाही त्याला हे सांगणे व्यर्थ आहे.

उरलेल्या भागात आपण ‘कर्ता एक तर जीव, नाही तर ईश्वर’ असे गृहीत धरले आहे. हा पेच ब्रह्मसूत्रांच्या, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथाच्या, दुसऱ्या अध्यायातील तिसऱ्या पादात आलेला आहे. जीव कर्ता न मानल्यास शास्त्राचे विधिनिषेध निरर्थक होतील, असे तेथे आधी म्हटले आहे. मग ते कर्तृत्व परमेश्वराकडून येते असे सांगितले आहे. आणि लगेच, ईश्वर जीवाने केलेल्या प्रयत्नाच्या अपेक्षेनेच त्याला प्रवृत्त करतो, अशी पुस्ती जोडली आहे. शंकराचार्य यावर पावसाचा दाखला देतात: पाऊस सर्वांना सारखाच, पण भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. ते बीज कोठून आले, असे विचारले तर पूर्वकर्मातून, आणि संसार अनादि आहे. माझ्या मते हे उत्तर प्रश्न मागे ढकलते, सोडवत नाही. अर्थात आचार्यांच्या दृष्टीने कर्तेपणच मुळी उपाधीमुळे, म्हणजे बुद्धी-इंद्रियांच्या जोडीमुळे, भासणारे असल्याने त्यांना त्याची फारशी अडचण होत नाही.

रामानुजाचार्यांचा दृष्टांत मला अधिक जवळचा वाटतो. दोघांच्या सामाईक मालकीचे धन एकाने तिसऱ्याला द्यायचे ठरवले, तर दुसऱ्याच्या अनुमतीवाचून ते देता येत नाही. तरीही दानाचे फळ, देण्याचे ज्याने ठरवले त्यालाच मिळते. वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या परिसरात सामाईक वाड्यांचे हिस्से-वाटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे फोड करून सांगावे लागणार नाही: एक सही अडली की व्यवहार अडतो, पण वाडा विकायला कोण निघाला होता हे सगळी आळी जाणून असते. येथे पहिला प्रयत्न जीवाचा आहे आणि त्या प्रयत्नाला मिळणारी अनुमती अंतर्यामी परमात्म्याची आहे. ज्या शरीराने आणि इंद्रियांनी तो प्रयत्न होतो तीही ईश्वरानेच दिलेली असल्यामुळे त्याची सत्ता कमी होत नाही, आणि चोरी मात्र चोराचीच राहते.

आपण विचाराल, आणि विचारायलाच हवे, की नकार देण्याची शक्ती असूनही चोरीच्या दस्तावर सही करणारा भागीदार निर्दोष कसा? पाप थांबवण्याचे सामर्थ्य असून अनुमती दिल्याने ईश्वर निर्दय ठरत नाही, असे रामानुज म्हणतात. ते मला अजून पुरते पटलेले नाही. आपला आक्षेप यंत्रारूढ भूतांऐवजी या दुसऱ्या सहीवर रोखलेला असता, तर माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हते.