दिवस गेलेत? अजून थोडे जाऊ द्या!

वहिनी, राहता बेळगाव जिल्ह्यात, कणकुंबी-जांबोटीकडं आणि नको असताना दिवस गेलेत? घाबरू नका. फक्त दारावरून जाणाऱ्या नर्सबाईंना यातलं काही विचारू नका. त्यांना काय कळतंय? तुमचं बाळंतपण केलं, बॅटरीच्या उजेडात नाळ कापली, पुढं तांबी बसवली, एवढंच. बाळंतपणानंतर रक्त जाऊ नये म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या तीन गोळ्या तुमच्या हातावर ठेवल्या, त्याही बाईंनीच. तीच गोळी गर्भ नको म्हणून द्यायची झाली, की बाईंचं शिक्षण एकाएकी कमी पडतं. १९७१चा कायदा म्हणतो, डॉक्टरच पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, सुरुवातीच्या आठवड्यांत प्रशिक्षित नर्सही हे करू शकते. नेपाळात करतातही. पण त्यांच्याकडं डोंगर आहेत, आपल्याकडं नुसता चोर्ला घाट. २०१४ साली दिल्लीत नर्सना परवानगी द्यायचा मसुदा निघाला होता. डॉक्टरांच्या संघटनेला तो पटला नाही. २०२१च्या दुरुस्तीत काही बायकांसाठी २४ आठवडे आले, नर्सबाई काही आल्या नाहीत.

तेव्हा डॉक्टरच गाठा. गोळ्यांनी गर्भ पाडायची मुदत ९ आठवडे. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, आधार कार्ड तेवढं घ्या, म्हणजे कितीही खेपा घाला. पहिल्या खेपेला डॉक्टर मीटिंगला. दुसऱ्या खेपेला सोनोग्राफी. तिसऱ्या खेपेला, ‘मालकांना घेऊन या.’ सज्ञान बाईला नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही, हे तिथं बोलू नका. बाई शिकलेली दिसते म्हणून आणखी एक खेप वाढेल. खिडकीतून कुणी तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदणीचं कार्ड, पुढं केलं तर घ्या मुकाट्यानं. आपल्याला वाटतं ताईचं कार्ड. कानडीत तायी म्हणजे आई.

एवढ्यात ९ आठवडे उलटलेच, तर स्टँडासमोर औषधाचं दुकान आहे. काउंटरवरचं पोरगं चिठ्ठी मागत नाही, किती दिवस झाले विचारत नाही. वर्तमानपत्राच्या तुकड्यात पाकीट गुंडाळतं, वरचे पैसे घेतं आणि तुमच्याकडं न बघता पुटपुटतं, ‘आज एक, बाकीच्या परवा.’ ते डॉक्टर नाही. पण नर्सही नाही ना, म्हणून चालतं.

आणि रात्री रक्त थांबेना झालं, तर नर्सबाईंचा नंबर मोबाइलात आहेच. उठवा त्यांना. बॅटरी घेऊन येतील.