दहा मिनिटांच्या प्राणायामानं हेल्थ पोस्टचा ताण उतरत नाही

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या आसपास आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी व्हॉट्सअॅपवर एक संदेश हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: ताण कामात नसतो, मनात असतो, रोज दहा मिनिटं प्राणायाम करा, अॅपमुळे काम आता हलकं झालंय, सेवाभाव असला की थकवा येत नाही, तरी त्रास झालाच तर हेल्पलाइन आहे. हेतू चांगला असेलही, पण मुंबईतल्या हेल्थ पोस्टवरच्या (पालिकेच्या वस्तीपातळीवरच्या आरोग्य केंद्रांतल्या) आरोग्य सेविका, रुग्णालयांतल्या परिचारिका आणि निवासी डॉक्टर यांच्या कामाशी ताडून पाहिलं तर यातलं फारसं काही टिकत नाही.

‘ताण मनात असतो.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात (आयसीडी-११) बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामातून उद्भवणारी स्थिती म्हणून आहे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताळला गेला नाही की ती येते: शक्ती संपते, कामाबद्दल तुटकपणा येतो, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागतं. अपेक्षा भरपूर आणि निर्णय आपल्या हातात नाहीत अशा कामात ताण सर्वाधिक असतो, हे संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं. पल्स पोलिओचंच घ्या. रविवारी बूथ, मग घरोघरी फेरी. बंद घरावर ‘एक्स’ची खूण आणि तिथे पुन्हा जायचं. तारीख, उद्दिष्ट, वस्ती सगळं वरून ठरतं. एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारतीची लिफ्ट बंद असली तरी व्हॅक्सिन कॅरिअर (लसींची थंड पेटी) खांद्यावर घेऊन जिने आरोग्य सेविकेनंच चढायचे.

प्राणायामाला विरोध नाही, तो जरूर करावा. पण ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा तणावमुक्तीची प्रशिक्षणं आणि अॅप वापरणारे न वापरणाऱ्यांपेक्षा सुखी आढळले नाहीत. ड्युटी संपल्यावर सक्तीचं सत्र ठेवलं तर त्यात विश्रांतीचाच तास जातो.

‘अॅपमुळे काम हलकं झालं’ हा दावा सर्वांत जास्त नुकसान करतो. एका गरोदर बाईची माहिती रजिस्टरमध्ये, पोर्टलवर, माता-बाल संरक्षण कार्डावर आणि वर एखाद्या एक्सेल यादीत. क्षयरुग्णांची नोंद ‘निक्षय’ पोर्टलवर, लसीकरणाची ‘यू-विन’ पोर्टलवर, आणि संध्याकाळी ग्रुपवर फोटोसकट अहवाल. जुनं रजिस्टर बंद न करता नवं अॅप आलं की काम दुप्पट होतं. यावर उपाय हेल्थ पोस्टच्या पातळीवरही सुरू करता येतो. सगळी रजिस्टरं, पोर्टलं आणि व्हॉट्सअॅप अहवाल एका तक्त्यात लिहा. प्रत्येकापुढे चार रकाने: कोण मागतं, किती वेळा, भरायला किती मिनिटं लागतात, हीच माहिती आणखी कुठे जाते. दोन आठवडे खरी मिनिटं नोंदवा. मग दुहेरी नोंदींची यादी वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवा आणि रजिस्टर बंद करण्याचा आदेश लेखी मागा. तोंडी ‘नका लिहू’ यावर विसंबू नका. पुढच्या तपासणीत तेच रजिस्टर मागितलं जातं आणि सेविका रात्री बसून ते मागच्या तारखांनी भरते.

सेवाभावाबद्दल थोडक्यात. श्रम जास्त आणि मोबदला, मान, स्थैर्य कमी, हे असंतुलनच माणसाला आजारी पाडतं. वस्ती-गावात काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्यांना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गौरवलं, तरी त्या आजही ‘स्वयंसेविका’च आहेत, मानधनावर. निवासी डॉक्टरांसाठी १९९२ च्या केंद्रीय निर्देशात सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली, यावरून प्रत्यक्ष तास कुठे गेलेत ते कळावं. रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) लावताना पाळ्या मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट याच क्रमानं फिरवाव्यात, सलग नाइट दोन-तीनच ठेवाव्यात आणि त्यानंतर दोन पूर्ण रात्रींची झोप मिळावी. नाइटहून सुटलेल्या परिचारिकेला त्याच दिवशी इव्हनिंगला बोलावलं की औषधाच्या मात्रेत चूक होण्याचा धोका वाढतो, आणि मेमो मात्र तिला मिळतो.

हेल्पलाइन खरंच आहे: टेलि-मानस, १४४१६, मोफत, २४ तास. झोप सलग दोन आठवडे उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, फोन करा. मात्र ती रोस्टर बदलू शकत नाही. वॉर्डात मारहाण झाली किंवा बाळ दगावलं, तर त्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवून घडलेलं वदवून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनाच असं करू नये म्हणते. ज्या कर्मचारी बाईवर प्रसंग ओढवला तिला सुरक्षित जागी बसवा, पाणी द्या, घरच्यांना फोन लावून द्या, सोबत कुणीतरी देऊन घरी पाठवा, दुसऱ्या दिवशीची ड्युटी बदला. मारहाण असेल तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ती तक्रार संस्थेनं द्यावी. तिला एकटीला द्यायला लावली, तर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या तिच्या साप्ताहिक सुट्टीतून जातात.