भिंत नंतर बघा, आधी पाणी कुठे उभं आहे ते बघा

छोट्या खाणीच्या टेलिंग्ज धरणाचा, म्हणजे धातुक दळून उरलेला गाळ साठवणाऱ्या बांधाचा, विषय निघाला की ‘एवढंसं तर आहे’ हे वाक्य हमखास कानावर येतं. आमचा सगळा आक्षेप या वाक्यावर आहे. इटलीतल्या स्तावा इथे 19 जुलै 1985 रोजी फ्लोराइट खाणीची एकावर एक बांधलेली दोन गाळ-तळी फुटली. बाहेर पडलेला गाळ सुमारे 1 लाख 80 हजार घनमीटर, म्हणजे एक हेक्टर रानावर 18 मीटर उंचीची रास. खाण उद्योगाच्या मापाने हा आकडा किरकोळच. माणसं मेली 268.

त्या वर्षी जानेवारीत वरच्या बांधाचा एक भाग घसरला होता. मे महिन्यात खालच्या तळ्यात पाणी काढायच्या पाइपाशी खड्डा पडला होता. दुरुस्त्या झाल्या आणि जुलैच्या मध्याला तळी पुन्हा वापरात आली. चार दिवसांत सगळं खाली.

धातुक दळून हवा तो माल काढून घेतला की पिठासारखी रेती आणि चिकट गाळ उरतो. तो पाण्यात कालवून पाइपाने तळ्यात सोडतात. पाणी अडवायचं धरण एकदा बांधून पुरं होतं. हे धरण मात्र खाण चालू असेपर्यंत वाढतच राहतं आणि बऱ्याच ठिकाणी आधी साचलेल्या गाळावरच पुढचा थर चढवतात. त्यामुळे भिंतीची ताकद कागदावरच्या नकाशापेक्षा गाळ रोज कसा सोडला जातो यावर ठरते. थोडक्यात, पाइप हलवणारा शिफ्टवरचा माणूसच हे धरण बांधत असतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

गाळ भिंतीच्या माथ्यावरून, थोड्या थोड्या अंतरावरच्या तोट्यांतून, पाळीपाळीने सोडायचा. जाड रेती भिंतीजवळ बसते, बारीक गाळ आणि पाणी लांब वाहत जातं. रेतीतून पाणी निचरतं, म्हणून भिंतीलगतचा पट्टा कोरडा आणि घट्ट होतो. आता आळस करून एकाच तोंडातून, तेही मागच्या बाजूने गाळ सोडा. तळं सरकत सरकत भिंतीला येऊन टेकतं, बारीक गाळ भिंतीच्या पायाशी बसतो, आणि पुढच्या वर्षी त्याच लिबलिबीत गाळावर नवा थर चढतो. बाहेरून बघणाऱ्याला बांध तसाच दिसतो.

दक्षिण आफ्रिकेत मेरीस्प्रुट इथे हेच घडलं. धरण सुमारे 31 मीटर उंच होतं आणि गाळ टाकणं थांबवलेलं होतं. तरी कारखान्याचं पाणी त्यात जातच राहिलं आणि तळं पाणी काढायच्या मनोऱ्यापासून हटून उत्तरेच्या भिंतीकडे आलं. 22 फेब्रुवारी 1994 च्या संध्याकाळी अर्ध्या तासात 50 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, पाणी माथ्यावरून गेलं आणि सुमारे 6 लाख घनमीटर गाळ खालच्या वस्तीत घुसला. 17 जण गेले. 50 मिलिमीटर हा काही प्रलय नव्हे. भिंतीशी तेवढी जागाच उरली नव्हती.

म्हणून आमचा पहिला प्रश्न मुक्तांतराचा असतो: पाण्याची पातळी आणि माथा यांच्यातलं उभं अंतर. हे मोजायचं माथ्याच्या सगळ्यात खालच्या जागेपासून. ती बहुधा मध्यावर असते, जिथे भराव सगळ्यात उंच आणि म्हणून सगळ्यात जास्त खचलेला असतो, किंवा जिथे डंपरच्या चाकांनी चाकोरी पडलेली असते. वर्षातून एकदा तरी पूर्ण माथ्यावर लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) फिरवा. तळ्यातल्या मोजपट्टीवर ‘दीड मीटर शिल्लक’ दिसत असताना माथा एका जागी अर्धा मीटर बसलेला असेल, तर शिल्लक एकच मीटर आहे.

हिशोब तोंडी करता येतो. तळ्याकडे 10 हेक्टर उताराचं पाणी येतं आणि 100 मिलिमीटर पाऊस पडला असं धरा. सगळं पाणी आत आलं तर 10 हजार घनमीटर. तळ्याचा पसारा 1 हेक्टर असेल तर पातळी थेट 1 मीटर चढली, आणि मुक्तांतर संपलं. वरच्या अंगाची वळण-नाली म्हणूनच जीव की प्राण. ती गवत आणि दरडीने बुजली की 10 हेक्टरचे बघता बघता 30 होतात. सांडवा नसलेलं टेलिंग्ज धरण आम्हाला मान्यच नाही. ‘पंप आहेत ना’ असं सांगतात. वादळात आधी वीज जाते.

आता पाझर. पाझर दिसला की लोक घाबरतात, आणि पाझर थांबला की सुटकेचा निःश्वास टाकतात. खरं तर दोन्ही वेळा थांबून विचार करायला हवा. पायथ्याच्या निचरा-नालीतून स्वच्छ, ठरावीक पाणी येतंय याचा अर्थ निचरा काम करतोय. तळ्याची पातळी तीच असताना ते पाणी अचानक कमी झालं, तर नाली बुजली असण्याचा संशय घ्या. न आलेलं पाणी भिंतीच्या पोटात चढत असतं. आणि पाणी गढूळ झालं, म्हणजे भिंत आतून धुपून बाहेर येते आहे, त्यासाठी उद्याची वाट बघायची नसते.

मोजायला महागडं काही लागत नाही. 10 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला पाव लिटर. जास्त पाणी असेल तर 90 अंशाचा व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली आडवी पट्टी, बसवा. त्यात पाण्याची उंची 5 सेंटिमीटर असेल तर साधारण पाऊण लिटर, 10 असेल तर साडेचार लिटरच्या जवळपास. उंची दुप्पट, प्रवाह साडेपाच पट. म्हणून नोंदवहीत ‘थोडं वाढलं’ असं लिहू नका, सेंटिमीटर लिहा, शेजारी त्या दिवसाचा पाऊस आणि तळ्याची पातळी लिहा. या दोन रकान्यांशिवाय पाझराचा आकडा मुका असतो.

पिझोमीटरचंही, म्हणजे भिंतीच्या पोटातली पाणीपातळी दाखवणाऱ्या उभ्या नळीचंही, तसंच. आतली पाणीपातळी तळ्याबरोबर थोडी मागेपुढे हलायला हवी. सहा महिने एकच आकडा येत असेल तर नळी बुजलेली आहे, नाहीतर वाचणारा माणूस जागेवर जात नाही. नळीत बादलीभर पाणी ओता आणि ते किती वेळात उतरतं ते बघा. जात नसलेल्या माणसावर उपाय वेगळा.

सगळ्यात जास्त राग येतो तो ओल्या डागावर चिकणमाती थापण्याचा. उतारावर ओल दिसली की ट्रॉलीभर माती आणून ती लिंपून टाकतात आणि फोटो काढून दुरुस्ती झाली म्हणून पाठवतात. पाणी कोंडलं, आतला दाब वाढला, आता ते वर कुठेतरी नवी वाट काढणार. करायचं याच्या अगदी उलट: पाण्याला येऊ द्यायचं, कणांना अडवायचं. ओल्या जागेवर आधी स्वच्छ जाड रेती, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड. प्रत्येक थराने खालच्या थराचे कण धरून ठेवायचे. रेतीशिवाय नुसते दगड टाकले तर फटींतून बारीक माल निघून जातो. याचे ढीग पावसाआधी धरणापाशी तयार हवेत. अडचणीच्या रात्री खडीचा ट्रक चिखलातून येत नाही.

भरावाखालून गेलेला पाइप ही आमची दुसरी काळजी. गंधकयुक्त धातुकाचं पाणी आम्ल होतं, ते लोखंड आणि काँक्रीट दोन्ही खातं. पाइप फुटला की गाळ त्यात ओढला जातो आणि वर खड्डा दिसतो. पाइप शाबूत असला तरी त्याच्या बाहेरच्या अंगाने पाणी वाट काढतं, कारण गोलाईखाली धुमस नीट बसत नाही. वापरातून गेलेला पाइप तोंडाला झाकण ठोकून सोडू नका, ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ काल्याने, पूर्ण भरा. आणि पायथ्याशी रस्ता किंवा गटार काढायला जेसीबी लावणाऱ्याला आधी अडवा. पायथा हा भिंतीचा टेकू आहे. मोकळा, पाण्याने भरलेला गाळ टेकू निघाला की क्षणात पातळ होऊ शकतो.

झाडं, उंदरांची-घुशींची बिळं, कुजलेली मुळं यांबद्दल सगळ्यांना माहीत असतं. गवत आखूड ठेवा, म्हणजे ओल आणि भेगा दिसतील.

‘खाण बंद आहे, आता कसली भीती’ असं म्हणणाऱ्यांसाठी ब्राझीलमधलं ब्रुमाडिन्यो. 86 मीटरच्या त्या धरणात 2016 पासून गाळ टाकलेला नव्हता, वर तळंही साचलेलं नव्हतं. 25 जानेवारी 2019 रोजी ते काही सेकंदांत कोसळलं आणि 270 माणसं गेली. खाणीचं उपाहारगृह आणि कचेऱ्या धरणाच्या थेट खाली होत्या. वर तळं नाही म्हणजे पोटात पाणी नाही, असं होत नाही.

मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत 15 मीटर उंची लागते, किंवा 5 ते 15 मीटर असेल तर 30 लाख घनमीटरहून जास्त साठा. छोट्या खाणीचं धरण यात बसत नाही आणि तपासणीच्या यादीतून गळतं. टेलिंग्जसाठी 2020 मध्ये आलेलं जागतिक मानक वर्गवारी फुटल्यावर काय होईल यावर करतं, आणि आमच्या मते तेच बरोबर आहे. 8 मीटरच्या बांधाखाली शाळा असेल तर तो बांध मोठा.

तुमच्या जवळ असं धरण असेल तर तीन गोष्टी मागा: गेल्या बारा महिन्यांची पाझराची नोंदवही, माथ्याची शेवटची लेव्हल, आणि रात्री दोन वाजता गढूळ पाणी दिसलं तर वरच्याला न विचारता भोंगा वाजवायची मुभा असलेल्या माणसाचं नाव. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकदा शोधून देतात. तिसरीला ‘साहेबांना विचारावं लागेल’ असं उत्तर आलं, तर तो भोंगा वेळेवर वाजणार नाही असं धरून चाला.