उणे बावन्न

एकेचाळिसाव्या सेकंदापर्यंत सगळं छान आहे. मग कोणीतरी अगदी हळू, काळजीच्या सुरात विचारतं, "झालं का?"

ते कोणीतरी म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे नाना. आणि फाइलचं नाव आहे 'शांतता, जिना, टेक ७, फायनल'.

कॉलेजच्या शॉर्टफिल्मचा एक सीन आम्ही आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात शूट केला. कॅमेऱ्याला तीन माणसं, लाइटला दोन, मेकअपला एक आणि साउंडला एकटी मी. शेवटी म्हटलं, सगळे एक मिनिट गप्प उभे राहा, रूम टोन घ्यायचाय. दिग्दर्शक म्हणाला, "आवाजाचं नंतर बघू गं, वडापाव गार होतायत." आवाजाचं नंतर बघू! हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की डिग्रीवर माझ्या नावाखाली छापलं तरी चालेल.

रूम टोन म्हणजे त्या जागेचा रिकामा आवाज. एडिट करताना संवादातला नको तो तुकडा कापला की तिथे भोक पडतं, ठार बहिरं, आणि ते कानाला लगेच टोचतं. म्हणून खाली त्याच जागेची गुणगुण पसरायची, फरशीच्या सांध्यात सिमेंट भरतात तशी. गच्चीची गुणगुण जिन्याला चालत नाही, पार्किंगची तर नाहीच.

तर गुरुवारी पहाटे साडेचारला मी एकटी जिन्यात. साडेचारलाच, कारण पाचला पाण्याची मोटर, सव्वापाचला दूधवाला आणि त्यानंतर कोकीळ, जो एकदा लागला की पट्टी चढवतच नेतो. (गातो तो नर. कोकिळेचं उगाच नाव.) पाच टेक फुकट गेले, त्यातला पाचवा माझ्याच पोटाने घालवला. हातात लांब दांडी, टोकाला माईक आणि माईकवर करड्या केसांचं झुबकेदार कव्हर. वाऱ्याची फुसफुस अडवायला ते असतं. साउंडवाले त्याला 'डेड कॅट' म्हणतात. सहावा टेक सुरू होता आणि खालचं दार करकरलं.

"मेलंय का?"

नाना. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात चप्पल.

"काय मेलंय?"

"मांजर."

"नाना, माईक आहे हा."

"मग त्याला केस कशाला?"

"वारा लागू नये म्हणून."

"जिन्यात कुठला आलाय वारा?"

हे इतकं बरोबर होतं की मला रागच आला.

"आणि करत्येस काय?"

"शांतता रेकॉर्ड करतेय."

नानांनी बॅटरी माझ्या तोंडावर मारली आणि खाली घेतली. "त्याला मशीन कशाला लागतं? मशीन बंद ठेव. आपोआप शांतता."

यावर मी आजवर उत्तर शोधतेय. तेव्हा सुचलं नाही म्हणून मी विद्वत्ता पाजळली. सांगितलं की १९५२ साली अमेरिकेत जॉन केज नावाच्या संगीतकाराची एक रचना सादर झाली, त्यात पियानोवाला येऊन बसला आणि ४ मिनिटं ३३ सेकंद त्याने एकही सूर वाजवला नाही. लोकांनी ऐकायचं काय, तर बाहेरचा वारा, छपरावरचा पाऊस आणि आपलीच कुजबुज.

नाना विचारात पडले. "तिकीट होतं?"

"असेल."

"आणि लोकांनी पैसे परत नाही मागितले? पुण्यात करून दाखव म्हणावं."

पण माणूस मदतीचा. "थांब, मी बघतो," म्हणाले, आणि मी अडवायच्या आत कठड्याला हात टेकून वर तोंड करून ओरडले, "सगळे गप्प राहा रे! पोरगी शांतता घेतेय!"

तीन मजल्यांवर दिवे लागले. दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा सुरू झाला. वरून कोणीतरी घाबरून विचारलं, "कोण गेलं?" पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पदर सावरत खाली आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "केव्हा नेणार?"

सगळ्यांना समजावून परत वर धाडण्यात पंधरा मिनिटं गेली. पाचला जेमतेम एक मिनिट कमी असताना सातवा टेक लावला. नाना पायरीवर शेजारी बसले, डोळे मिटून, श्वास रोखून. तो श्वास ४१ सेकंद पुरला.

पुन्हा घ्यायच्या आत मोटर सुरू झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आवाज नावाची काही गोष्ट असते हे लोकांना ती बिघडल्यावरच कळतं. साउंड शिकते म्हटलं की मामा विचारतो, "म्हणजे डीजे?" गणपतीत मंडळाचा माईक कुई करायला लागला की मात्र सगळी गल्ली मला शोधते. मामेभावाला बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये शत्रू वरच्या मजल्यावर डावीकडे चालतोय हे हेडफोनमध्ये पावलांवरून कळतं. ती पावलं कोणीतरी बसून रेकॉर्ड केलीत, मजल्याप्रमाणे आवाज बदलेल अशी बांधलीत, हे त्याच्या गावीही नसतं. शेजारच्या खोलीतून मामी जेवायला हाक मारते, ती तर त्याला ऐकूच येत नाही.

असो. नानांना ऐकायचं होतं, मी हेडफोन दिला.

"हे घुंऽऽ काय?"

"मीटरबोर्ड. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे, म्हणून त्याच्या दुपटीवर, १०० हर्ट्झवर घरघर येते."

"आणि हे टप्... टप्?"

मी ऐकलं. वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी. नानांचा चेहरा उजळला. "दोन वर्षं सांगतोय सेक्रेटरीला! पुरावाच सापडला की!"

रविवारच्या मीटिंगला लॅपटॉपसकट मी हजर. नानांनी पाणी बाजूला ठेवून थेट २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सेक्रेटरींनी चष्मा लावून माझ्या स्क्रीनवरचा मीटर वाचला.

"उणे ५२! अहो, आवाज शून्याच्याही खाली आहे. मग तक्रार कसली?"

मी सांगायला गेले की डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे छत, सगळे आवाज त्याच्याखाली उण्यातच मोजतात, नियमातला डेसिबल तो वेगळा. तेवढ्यात चहा आला. इतिवृत्तात लिहिलंय: 'आवाज उणे ५२ डेसिबल असल्याचे तज्ज्ञांनी दाखवून दिले. विषय संपला.'

तज्ज्ञ म्हणजे मी. टाकी अजून गळतेय. नाना रविवारपासून माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत, जिन्यात समोर आले तरी चिडीचूप. आणि रेकॉर्डर मी सोमवारीच कॉलेजला परत करून आले.