साक्ष फक्त बऱ्या झालेल्यांनीच द्यायची का?

जय ख्रिस्त.

उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ झाली की पुढे कोण येतं, हे जरा आठवून बघा. ऑपरेशन नीट पार पडलेला, नोकरी लागलेला, मुलीचं लग्न जमलेला, अपघातातून वाचलेला. त्यांचा आनंद खरा असतो आणि सगळी मंडळी मनापासून देवाची स्तुती करते. करायलाच हवी. पण ज्याच्या घरचं माणूस दवाखान्यातून परत आलंच नाही, तोही तिथेच बसलेला असतो. त्याच्यासाठीही आपण उपास धरले होते, रात्र-रात्र प्रार्थना केली होती. त्याला कोणी पुढे बोलवत नाही आणि तोही उठत नाही. हळूहळू त्याच्या मनात घर करून बसतं की देवाची प्रीती बाकीच्यांवर आहे, आपल्याच विश्वासात काहीतरी कमी पडलं. हे मला फार लागतं. कारण शास्त्र असं बोलतच नाही.

पवित्र शास्त्रातलं विलापगीत हे पुस्तक उघडून बसा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम फोडलं, मंदिर जाळलं. ख्रिस्तपूर्व 586 च्या सुमाराची गोष्ट. दुसऱ्या अध्यायात लेकरं आईला विचारतात, धान्य कुठे आहे, आणि तिच्याच उराशी जीव सोडतात. तिसऱ्या अध्यायात बोलणारा तर देवावरच तक्रार करतो की त्याने माझे दात खड्यांनी मोडले. आणि तिथून पाच-सहा ओळींवर तोच माणूस म्हणतो की परमेश्वराच्या करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते. मधल्या काळात शहर सावरलं होतं का? मुळीच नाही. चौथा अध्याय पुन्हा उपासमारीचाच आहे. आपण कॅलेंडरवर तेवढंच वचन छापतो आणि आजूबाजूची राख सोडून देतो. माझ्या मते त्या वचनाचं सगळं बळ त्या राखेतच आहे. सुखात बसलेल्या माणसाने ते म्हटलं असतं तर दुःखात असलेल्याला त्याचा काय आधार?

आपल्या निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आमच्या मंडळीत एक द्राक्षबागायतदार भाऊ आहेत. माल तोडणीला आला आणि गारपीट झाली. त्यानंतरच्या घरप्रार्थनेत त्यांनी स्वतःच हा भाग वाचायला घेतला. द्राक्षवेलीच्या ओळीवर त्यांचा आवाज अडकला. कोणी काही बोललं नाही. मग वहिनींनी त्यांच्या हातातलं पवित्र शास्त्र घेतलं आणि पुढची ओळ वाचली. ‘तरी’ इथपासून.

कर्ज तसंच राहिलं, औषधांच्या दुकानाची उधारीही तशीच. पण दुसऱ्या दिवशी मंडळीतले काही जण कात्र्या घेऊन बागेत गेले. तडकलेले मणी वेलीवर राहिले की सड उरलेल्या घडांतही पसरते. म्हणून एकेक घड हातात धरून फुटका मणी कापून काढायचा. पाठ भरून येते, बोटं चिकट होतात. संध्याकाळपर्यंत ते तेच करत होते. मला कोणी विचारलं की देवाची प्रीती नाशिकमध्ये कुठे दिसली, तर मी त्या बागेचं नाव घेईन.

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या त्या वस्तीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं आणली जायची. तिथे ती वाचायला शिकली, हातात कसब आलं. त्यांचं हरवलेलं घर कोणी परत देऊ शकलं नाही. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट 1873 मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेतून किनाऱ्याला नेणाऱ्यांमध्ये होता. आपल्या गावची मंडळी कोणत्या पायावर उभी आहे हे आपण विसरू नये, म्हणून लिहिलं.

कोणी म्हणेल, मग बरं होण्यासाठी प्रार्थना करायचीच नाही का? जरूर करायची. प्रभूने आजाऱ्यांना बरं केलं, मेलेल्या लाजारला उठवलं. पण वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतः विनवणी केली की हा दुःखाचा प्याला टळो, आणि तो टळला नाही. म्हणून पित्याची पुत्रावर प्रीती नव्हती असं आपल्यापैकी एक तरी जण म्हणेल का? पौलही रोमकरांस लिहिताना क्लेश, उपासमार, तलवार येणारच नाही असं म्हणत नाही. यातलं काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळं करणार नाही, एवढंच तो ठामपणे सांगतो.

म्हणून एक सुचवायचं आहे. स्तोत्र 136 मध्ये 26 ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच पालुपद, ‘त्याची दया सनातन आहे’. तांबडा समुद्र दुभागला तिथे ते आहे, आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली तिथे आहे, आणि तो सर्व जिवांना अन्न देतो, त्या साध्या ओळीलाही तेच. महिन्यातून एका रविवारी साक्षीच्या वेळी हे स्तोत्र सगळ्यांनी मिळून म्हणू या. पुढच्याने ओळ वाचायची, मंडळीने पालुपद म्हणायचं. स्तोत्र संपलं की ज्याला वाटेल त्याने बसल्या जागेवरून आपली एक ओळ सांगावी. नोकरी लागली असेल तर ती, नवरा गेला असेल तर ते. डायलिसिस चालू आहे, पोरगं घरी बोलत नाही, जे असेल ते. प्रत्येक ओळीनंतर मंडळीने तेच पालुपद म्हणावं. उपदेश नको, सांत्वनाची भाषणं नकोत.

पाळकसाहेबांच्या कानावर घातलं आहे, त्यांना पटलंय. महिला मंडळातल्या ताईंनी आणि तरुण संघाने पहिल्या वेळी वाचायला कोण उभं राहणार ते कळवा. आणि तुमच्या शेजारी कोणी बरेच महिने गप्प बसत असेल, तर त्यांना आधी घरी जाऊन भेटा.