शेक्सपिअरलाही सेन्सॉर होताच की!

नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावी लागते. ही पद्धत ठेवावी की मोडीत काढावी, यावर महाराष्ट्रात अधूनमधून वाद पेटतो. 2016 मध्ये अमोल पालेकर या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेले तेव्हा पेटला होता. परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पुन्हा पेटला. "शेक्सपिअरलाही सेन्सॉर होताच की! त्याचं काही अडलं का?" असं एकानं टाकलं, त्यावर धडाधड अंगठे पडले, आणि 'तू लंडनला राहतोस, तूच सांग' म्हणून मला पुढे केलं गेलं.

सांगतो. सेन्सॉर होता. एडमंड टिल्नी त्याचं नाव. राणी एलिझाबेथच्या दरबारात 1579 पासून करमणुकीच्या खात्याचा प्रमुख. नाटक मंडळ्यांनी संहिता त्याच्याकडे न्यायची, त्यानं वाचायची, फुल्या मारायच्या, मगच प्रयोग. आणि हो, अडलंही. 'दुसरा रिचर्ड'मध्ये राजा भर दरबारात स्वतःच्या हातानं मुकुट उतरवून देतो, तो नाटकाचा कळस. 1597 च्या पहिल्या छापील प्रतीत तो प्रवेशच नाही. तो छापून आला 1608 मध्ये, राणी जाऊन पाच वर्षं झाल्यावर. 1606 मध्ये कायदा झाला की रंगमंचावर देवाचं नाव हलकेपणानं घेतलं तर दहा पौंड दंड. 'ऑथेल्लो'च्या 1622 च्या प्रतीत इयागो तोंड उघडतो तोच येशूच्या रक्ताची शपथ घालून. पुढच्याच वर्षीच्या संग्रहात ती शपथ गायब, उरलं सपक वाक्य. इयागोसारखा नीच माणूस पहिल्याच वाक्याला सोवळ्यात! आपल्याकडे संहितेतल्या शिव्यांवर लाल रेघ ओढली की लेखकाला काय वाटत असेल, ते इथे दिसतं.

पण खरा मासला वेगळाच आहे. ब्रिटिश लायब्ररीत 'सर थॉमस मोअर' नावाच्या नाटकाचं हस्तलिखित आहे. चार-पाच जणांनी मिळून लिहिलेलं. त्यातली तीन पानं शेक्सपिअरच्या हातची आहेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. विषय 1517 मधली लंडनची दंगल. कारागीर आणि शिकाऊ पोरं परदेशी कामकऱ्यांवर उठली होती: हे आले, आमची भाकरी खाल्ली, हाकला यांना. मोअर हा शहराचा अधिकारी, तो त्या जमावासमोर उभा राहतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डोळ्यांसमोर आणा ते परके, पाठीवर पोरं, हातात दरिद्री गाठोडी, पाय ओढत बंदराकडे निघालेले. आणि उद्या राजानं तुम्हालाच देशाबाहेर काढलं तर जाल कुठे? फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, जिथे जाल तिथे परकेच ठराल.

2024 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडभर स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या, त्या आठवड्यात मी हे भाषण पुन्हा काढून वाचलं. बायको संध्याकाळी ऑफिसमधून निघाली की फोन करत होती. त्या काळात ते किती जवळचं वाटलं, ते वेगळं सांगायला नको.

याच नाटकाच्या पहिल्या पानावर समासात टिल्नीचा शेरा आहे: दंगल आणि तिचं कारण सगळं गाळा, शेवटी मोअरनं बंडाळी शमवली एवढा त्रोटक वृत्तांत द्या, नाहीतर परिणाम तुमच्या डोक्यावर. एके ठिकाणी त्यानं 'फ्रेंच' खोडून 'लोम्बार्ड', म्हणजे उत्तर इटलीतले लोक, असं केलं. कुणाला लागू नये म्हणून लंडनमध्ये जे मोजकेच होते त्यांचं नाव. मराठी नाटकवाल्यांना ही चलाखी ओळखीची वाटेल. त्या काळी या नाटकाचा प्रयोग झाल्याचा पुरावा नाही, ते छापलं गेलं 1844 मध्ये. हस्तलिखित उरलं म्हणून आज आपण बोलतोय. 'अडलं का' विचारणारे उरलेली नाटकं मोजतात. न उरलेली कशी मोजणार?

आता ग्रुपवरची दुसरी बाजू: 'इंग्रज बघा किती मोकळे!' तेही खरं नाही. लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या बड्या अधिकाऱ्याकडे नाटकं पास करून घ्यायची सक्ती इथे 1737 पासून 1968 पर्यंत होती. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला तेव्हा 1810 ते 1820 'किंग लिअर' हे वेड लागलेल्या राजाचं नाटक रंगमंचावर येऊच दिलं नाही. (त्या न्यायानं 'नटसम्राट'चं काय झालं असतं!) आणि खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर 1910 मध्ये बंदी आली ती याच लोकांनी 1876 मध्ये केलेल्या कायद्याखाली. फरक इतकाच, की त्यांनी त्यांच्या घरची सक्ती 1968 मध्ये उचलून फेकली. आपण 1972 मध्ये 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना कोर्टाची पायरी चढायला लावली, ते जिंकले, आणि पद्धत होती तिथेच राहिली.

इथे आम्ही हौशी मंडळी वर्षाकाठी एखादं मराठी नाटक बसवतो. हॉलवाल्यानं आजवर संहिता मागितलेली नाही. माणसं किती, खुर्च्यांच्या रांगांत वाट किती, आगीच्या वेळचं दार मोकळं राहील ना, एवढं विचारतो. माझ्या मते सरकारी माणसानं नाटकवाल्याला विचारावं ते इतकंच.

'पण प्रमाणपत्र असलं की संरक्षण मिळतं' असं आपल्याकडचे काही निर्माते म्हणतात. 'मी नथुराम गोडसे बोलतोय'ला 1998 मध्ये प्रमाणपत्र होतं, तरी सरकारनंच प्रयोग थांबवले. मला ते नाटक पटत नाही. पण शिक्का किती कामाला आला, ते दिसलंच. उलट बाजूही सांगतो. 2004 च्या डिसेंबरात बर्मिंगहॅममध्ये 'बेझती' हे गुरप्रीत कौर भट्टी यांचं नाटक शीख निदर्शकांच्या दगडफेकीनंतर बंद पडलं. सेन्सॉर जाऊन छत्तीस वर्षं झाली होती, आणि बंद पाडणारे आपल्यासारखेच, बाहेरून येऊन इथे स्थिरावलेले. तेव्हा सेन्सॉर गेला की सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही. पण तिथे प्रश्न विचारले गेले ते थिएटरला आणि पोलिसांना: प्रयोगाला संरक्षण का देता आलं नाही? लेखिकेनं संहिता आधी कुणाला दाखवली होती का, हे विचारायची सोयच कायद्यानं ठेवलेली नव्हती.