उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करायला सांगणारा मेसेज

गळीत हंगाम आला की ऊस वाहतुकीच्या ग्रुपवर 'डिझेल वाचवा' म्हणून एक लांबलचक मेसेज फिरतो. यंदा तो माझ्या भाच्याकडे आला, आणि भाचा डबल ट्रॉली चालवतो. म्हणून गप्प बसवत नाही. न्यूटनचं नाव पुढे करून मेसेज चार गोष्टी सांगतो. उतारावर न्यूट्रल केलं की बलं संतुलित होतात, वेग एकसारखा राहतो आणि डिझेल वाचतं. भरलेली आणि रिकामी गाडी उतारावर सारखीच पळते, तेव्हा भाराला भ्यायचं कारण नाही. वेग एकसारखा असेल तर वळणावर ट्रॉली उलटत नाही. आणि उभ्या ट्रॉलीवर बलच नसतं, त्यामुळे चाकाला दगड नको.

न्यूट्रलचा मुद्दा माणसं मारणारा आहे, म्हणून तो आधी घेतो. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून 20 टन वजन धरा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड भागात वीस मीटरला एक मीटर उतरणारा रस्ता काही नवलाचा नाही. अशा उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला सुमारे 9,800 न्यूटन बलाने खाली ओढतं. डांबरी रस्त्यावर टायर फिरताना होणारा विरोध वजनाच्या साधारण दीड टक्का, म्हणजे 2,900 न्यूटनच्या आसपास. इतक्या कमी वेगात हवेचा विरोध धरायचंही कारण नाही. उरलं जवळपास 6,900 न्यूटन असंतुलित बल. त्यामुळे दर सेकंदाला वेग सव्वा किलोमीटर प्रतितासाने वाढत जातो. ताशी 15 किलोमीटरने उतरायला लागलेली गाडी वीस सेकंदांत 40 वर जाते. मेसेजमधलं संतुलन घडायला उतार पासष्ट मीटरला एक मीटर इतका मंद हवा, आणि तिथे न्यूट्रल करायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आता ब्रेक लावा. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि अनेक ट्रॉल्यांना तर ब्रेकच नसतात. मागच्या चाकांवर दोन टन भार असेल तर कोरड्या रस्त्यावर टायर घसरण्याआधी जास्तीत जास्त 12,000 न्यूटनच्या आसपास पकड मिळते. त्यातले 6,900 उताराशी झुंजण्यातच जातात. उरलेल्या बलावर ताशी 40 ची गाडी थांबायला अडीचशे मीटर लागतात. रस्त्यावर मळी, चिखल किंवा पाणी असेल तर पकड 8,000 वर येते आणि गाडी जवळजवळ थांबतच नाही. चाकं लॉक झाली की मागून ट्रॉल्या ढकलत राहतात आणि ट्रॅक्टर हुकावर आडवा फिरतो.

बरं, ज्या डिझेलसाठी हा खटाटोप, तेही वाचत नाही. गिअर पडलेला असताना अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर पंपाचं डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणून ज्या गिअरने तो चढ चढला असता त्याच किंवा त्याखालच्या गिअरने उतरा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका, कारण वेग वाढल्यावर ट्रॅक्टरचा खालचा गिअर पडत नाही. उतारावर क्लच दाबून ठेवणंही न्यूट्रलच. दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी खिट्टी लावलेली आहे ना, हे फडातून रस्त्यावर येतानाच बघा. खिट्टी सुटलेली असेल तर एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर त्या बाजूला खेचला जातो.

भरलेली आणि रिकामी गाडी सारखीच पळते, हे न्यूट्रलपुरतं खरं आहे, मान्य करावं लागतं. वजन वाढलं की ओढ वाढते, पण हलवायचं वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणून त्वरण तेच राहतं. पण ट्रॉलीत ऊस वाढला म्हणून ट्रॅक्टरच्या ब्रेकची ताकद तेवढी वाढत नाही. अर्धं सत्य सांगून मेसेज इथेच थांबतो.

वळणाचं उत्तर नववीच्या विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात, 'गतीचे नियम'मध्ये आहे. असंतुलित बल नसेल तर वस्तू स्थिर राहते किंवा सरळ रेषेत एकसमान गतीने जात राहते. मेसेजने 'सरळ रेषेत' तेवढं गाळलं. वळणावर दिशा बदलते, म्हणजे वेगाचा काटा हलला नाही तरी असंतुलित बल लागतंच, आणि ते टायरच्या पकडीतून येतं. 25 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 40 ने गेलात तर वजनाच्या निम्म्या इतकं आडवं बल लागतं. चाकांमधलं अंतर पावणेदोन मीटर आणि उसासह गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, दोन मीटर उंच असेल, तर ती ट्रॉली त्याआधीच, ताशी 37 च्या सुमारास आतलं चाक उचलते. वेग 20 वर आणला की हेच बल एक चतुर्थांश होतं.

राहिला दगड. उभ्या ट्रॉलीवर बल नसतं असं नाही, बलं संतुलित असतात एवढंच. वर सांगितलेल्या उतारावर तो 9,800 न्यूटनचा ओढा गाडी उभी असतानाही तसाच असतो. ब्रेक किंवा दगड तो पेलतो म्हणून गाडी जागेवर राहते. हुकाची पिन काढली की सुटलेल्या ट्रॉलीला तेवढाही आधार उरत नाही. म्हणून पिन काढण्याआधी प्रत्येक ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना उताराच्या अंगाला दगड लावा, आणि ते काढायचे ते ट्रॅक्टर पुन्हा जोडून ब्रेक दाबल्यावरच.